उजेडाची आडकाठी

आमच्या रामघाटच्या घरात माझ्या पीएचडीला कोणाचाही विरोध नव्हता. अडचण नेमकी तीच होती. विरोध असता तर मी भांडले असते, रुसून माहेरी रेल्वे कॉलनीत जाऊन बसले असते. इथे सगळे मदत करत होते. मदतीशी भांडायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

माझे सासरे, बिंदुमाधवशास्त्री, घरात अण्णा. खालच्या चौकात त्यांची वेदपाठशाळा भरते. गल्लीत कोणी भेटलं की ते म्हणायचे, "हमारी बहू दूर की आकाशगंगाओं पर काम कर रही है।" महाराष्ट्रातून आलेल्या यजमानांना तेच मराठीत सांगायचे, जरा वाढवून. मग ते यजमान निघताना मला भेटायला जिना चढून वर यायचे आणि माझ्या टेबलाकडे देवाकडे बघावं तसं बघून जायचे. त्यात अर्धा तास जायचा.

माझं काम थोडक्यात असं. काही दीर्घिकांच्या पोटात प्रचंड कृष्णविवर असतं. त्याच्याभोवती तापलेल्या वायूची तबकडी फिरत असते आणि तिच्यातून डोळे दिपवणारा प्रकाश निघतो. त्याच जागेतून प्लाझ्माचे झोत सुटतात, जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाने. खालून येणारा प्रकाश या झोताचं काय करतो, हा माझा प्रश्न. ढकलतो, असं कोणालाही वाटेल. ढकलतोही. पण नेहमी नाही.

मैत्रेयी या प्रश्नाच्या मध्यावर जन्मली. त्यामुळे विद्यापीठाने मुदत वाढवून दिली, पुन्हा दिली, आणि आता शेवटची मुदत होळीला संपत होती. तोवर विभागात सेमिनार देऊन प्रबंध दाखल केला नाही तर नोंदणी रद्द. इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात, आणि आमच्याकडे पाणी दाराशीच आहे. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं.

ते लिहायला माझ्याकडे दुपार होती. दुपारी खाली पाठशाळा सुरू व्हायची, आणि मुलांनी घन म्हणायला घेतला की वर पाळण्यात मैत्रेयी झोपायची. घनपाठात शब्द सरळ पुढे जात नाहीत. दोन पुढे, दोन मागे, तीन पुढे, तीन मागे, पुन्हा पुढे, असे झोके घेत घेत सरकतात. मध्येच कोणाचा तरी स्वर चुकतो, अण्णा मांडीवर थाप मारून म्हणतात, "पुन्हा", आणि झोका परत मागे येतो. माझी मुलगी त्या झोक्यावर दोन तास गाढ झोपायची. मी पाळण्याच्या दोरीला पायाचा अंगठा अडकवून लिहायची. दोरी हलवावीही लागत नसे. सवयीने अडकवलेली.

ही व्यवस्था इतकी छान चालली होती की कोणाच्या लक्षात आली नाही. माझ्याही नाही.

तशी मदत आधीपासून सुरूच होती. सासूबाईंनी, म्हणजे कालिंदीआईंनी, मला देवघराशेजारची खोली दिली होती. घरातली सर्वांत शांत खोली. फक्त ती सोवळ्यातली. आत जायचं तर आंघोळ करून, धुतलेलं नेसून. मैत्रेयीला पाजलं की मी ओवळी, मग पुन्हा आंघोळ. माघाच्या थंडीत एका दिवसात मी एवढ्या आंघोळी केल्या की प्रयागला गेले असते तर निदान पुण्य मिळालं असतं. चौथ्या दिवशी शिंका सुरू झाल्यावर आईंनी स्वतःच माझा लॅपटॉप उचलून पुन्हा वर पाळण्याजवळ नेऊन ठेवला. आई फार बोलत नाहीत. अण्णांशी चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला ती गरज पडली नसावी.

मग एका सकाळी अण्णांनी पूजेवरून उठता उठता जाहीर केलं, "मुक्ता, उद्यापासून दुपारची पाठशाळा इथे नाही."

"का, अण्णा?"

"तुझा अभ्यास शेवटाला आला, आणि खाली आमचा हा कोलाहल. मला कळायला हवं होतं. उद्यापासून मुलांना राजा घाटावर नेतो. आपल्याच मराठी माणसांनी बांधलेला घाट आहे, आपल्याला कोण उठवणार? नाववाल्याशी बोललो आहे."

"पण अण्णा, मला त्रास होत नाही."

"तू म्हणणारच नाहीस," ते कौतुकाने म्हणाले. "म्हणून तर मी म्हणतो आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी मुलं पाट, पंचे, पाण्याचे तांबे घेऊन नावेत बसून गेली. घर शांत झालं. असं शांत की स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा आवाज वर आला. मैत्रेयीने डोळे उघडले, कान टवकारले, आणि जे रडायला सुरुवात केली ते नाव परत येईपर्यंत.

मी झोके दिले, खांद्यावर घेतलं, गाणी म्हटली. ती माझ्या तोंडाकडे अशी बघायची, जसे विभागातले लोक नवीन विद्यार्थ्याच्या पहिल्या आलेखाकडे बघतात. मी स्वतः घन म्हणून पाहिला. मला येतो तेवढा, म्हणजे सहा शब्द. सहाव्या शब्दावर ती आणखी जोरात रडली. मला वाटतं, माझा स्वर चुकला होता.

नवऱ्याने तोडगा काढला. सुमंत रामनगरच्या बँकेत आहे. रविवारी तो घाटावर जाऊन फोनमध्ये पाठ भरून घेऊन आला. मैत्रेयीने तो लक्ष देऊन ऐकला, मग फोन उलटा करून त्याच्या मागे आजोबा आहेत का ते पाहिलं. नाहीत म्हटल्यावर फोन चाटला. झोपली नाही.

"तू सांग ना अण्णांना," मी सुमंतला म्हटलं.

"काय सांगू? तुम्ही थंडीत बसता त्याचा उपयोग नाही, उलट नुकसान आहे, असं? तूच सांग. तुझं ऐकतात ते."

"माझं ऐकतात म्हणूनच तर घाटावर गेले आहेत."

मी सांगणार कशी? अण्णांना घाटावरच्या वाऱ्याने खोकला धरला होता. रात्री आई त्यांच्या छातीला गरम तेल चोळायच्या आणि ते खोकत खोकत विचारायचे, "प्रकरण कुठवर आलं?" मी म्हणायची, "चाललंय, अण्णा." एक ओळही चालली नव्हती. दिवसभर मूल कडेवर. मूल सुमंतकडे देऊन बसले की मान टेबलावर. विभागातून निवेदिता मॅडमचा, माझ्या मार्गदर्शकांचा, निरोप आला: सेमिनारची तारीख ठरली, आता हलवता येणार नाही.

मग मला एक युक्ती सुचली. सरळ बोलता येत नसेल तर विज्ञानातून बोलावं. अण्णा शास्त्री माणूस, दृष्टान्त लगेच पकडतील.

रात्री जेवताना अण्णांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "तर, त्या झोतांचं काय म्हणणं आहे?"

"अण्णा, गंमत आहे. प्रकाश मागून येतो तेव्हा झोताला पुढे ढकलतो. पण झोत एकदा वेगात आला आणि प्रकाशाच्या जवळच राहिला, तर तोच प्रकाश त्याला मागे खेचतो."

"असं कसं? मागून येणारा मागे कसा खेचेल?"

"तबकडी फार मोठी असते. जवळ असताना प्रकाश नुसता मागून नाही, सगळ्या बाजूंनी येतो. आणि धावणाऱ्याला बाजूचं सगळं समोरून आल्यासारखं लागतं. सुमंत, रामनगरच्या पुलावर वारा कुठून असतो?"

"आडवा. नदीवरून."

"आणि स्कूटर पळवलीस की?"

"तोंडावर येतो," सुमंत म्हणाला. "हेल्मेटच्या आत घुसतो."

"तसंच. वारा तोच असतो, वाईटही नसतो. पण त्या पळणाऱ्याला तो समोरून अडवतो. जवळच्यांचा उजेड, अण्णा, फार प्रेमाचा असला तरी," आणि इथे मी थांबून त्यांच्याकडे नीट पाहिलं, "कधी कधी आडकाठी होते."

अण्णांनी घास हातात धरून विचार केला. मला वाटलं, लागलं. आई माझ्या पानात आमटी वाढता वाढता क्षणभर थांबल्या.

"कळलं मला," अण्णा म्हणाले. "म्हणजे प्रकाश कमी पडतो आहे."

"नाही, अण्णा..."

"कमीच पडतो आहे. अपुरी ढकलली की वस्तू अडखळते. नाव ढकलतानासुद्धा अर्धवट जोर लावला की ती फिरून आपल्याच अंगावर येते. पूर्ण जोर हवा." त्यांनी घास घेतला, आणि खोकून म्हणाले, "उद्यापासून आम्ही घाटावर तासभर जास्त थांबू. तुला सलग वेळ मिळेल."

पळी पुन्हा हलली. आई म्हणाल्या, "मुक्ता, आमटी घे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मैत्रेयी रडायला लागली तशी मी तिला लोकरीत गुंडाळलं, लाल टोपरं घातलं, लॅपटॉप पिशवीत टाकला. दारात आई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"हिला जरा उन्हात नेते," मी म्हटलं.

"ने," आई म्हणाल्या. "राजा घाटावर ऊन चांगलं असतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या तांदळातला खडा बघत होत्या.

नाव राजा घाटाला लागायच्या आधीच पाण्यावरून पाठ ऐकू यायला लागला. दोन पुढे, दोन मागे. मैत्रेयीच्या हुंदक्यांची लय मोडली. मी घाटाच्या टोकाला उतरून वरच्या पायऱ्यांवर, खांबाआड बसले, अण्णांच्या पाठीमागे खूप लांब. तिथे पाठ शब्दांत ऐकू येत नव्हता, नुसता झोका पोचत होता. मध्येच अण्णांची थाप, "पुन्हा", आणि खोकला. मैत्रेयीने सुस्कारा सोडला आणि झोपली. माझ्या मांडीवर ती, वरच्या पायरीवर लॅपटॉप, आणि मी अंग वळवून, मान वाकडी करून लिहू लागले.

त्या वाकड्या मानेने मला प्रकरण दिलं. झोत तबकडीच्या किती वर गेला की प्रकाशाची ओढ संपते आणि ढकलणं सुरू होतं, ते अंतर मला काढायचं होतं. लांब गेल्यावर तबकडी लहान दिसते, पाठीमागे ठेवलेल्या समईएवढी. मग तिचा सगळा उजेड पाठीवरच पडतो. झोत जितका वेगाचा, तितकं ते अंतर जास्त. आकडे जुळायला लागले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी कोणाला तरी सांगायला मान वर केली. समोर नदी, मांडीवर झोपलेली मुलगी, आणि लांबवर पाठमोरे अण्णा, जे माझ्या सोयीसाठी घर सोडून आले होते आणि ज्यांच्यापासून लपून मी त्यांचीच सोय वापरत होते.

तीन-चार दिवस असे गेले. मग एका दुपारी वारा फिरला. मैत्रेयीचं टोपरं उडालं आणि पायऱ्यांवरून घरंगळत थेट मुलांच्या मध्ये जाऊन पडलं. पाठ थांबला. अण्णांनी ते लाल टोपरं उचललं, ओळखलं, आणि वळून वर पाहिलं.

ते हळूहळू पायऱ्या चढून आले. प्रत्येक टप्प्यावर खोकत.

"मुक्ता. घरी काही झालं का?"

"नाही, अण्णा."

"मग? तुझ्यासाठी घर रिकामं केलं, आणि तू इथे वाऱ्यात? या पिलाला घेऊन?"

आता दृष्टान्त चालणार नव्हता. "अण्णा, ही तुमच्या पाठाशिवाय झोपत नाही. घरी मुलं पाठ म्हणायची तेव्हाच झोपायची. तेव्हाच मी लिहायची."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग मैत्रेयीकडे. पाठ थांबल्यामुळे ती चुळबुळायला लागली होती, ओठ काढून, रडायच्या तयारीत. अण्णांनी नकळत मांडीवर थाप मारली आणि हलक्या आवाजात घनातले चार शब्द म्हटले. तिचे ओठ पुन्हा जागेवर गेले.

"फोनवर ऐकवायचं होतंस," ते म्हणाले.

"ऐकवलं. चाटला तिने."

अण्णांना हसू आलं, हसताना खोकला आला. "म्हणजे हा एवढा खोकला मी फुकटच..."

"मी कसं सांगणार होते?"

"खरं आहे," ते म्हणाले. टोपरं झटकून त्यांनी नातीच्या डोक्यावर घातलं. "मी ऐकलं नसतं."

दुसऱ्या दिवशी पाठशाळा घरी परतली. आणि मला वाटलं, सुटले. पण अण्णांना आता नात आपल्या पाठावर झोपते हे कळलं होतं. चौकात बसून त्यांचं भागेना. ते मुलांना चौकात ठेवून स्वतः पाट घेऊन वर आले, पाळण्याला टेकून बसले, आणि तिच्या कानाशी खणखणीत आवाजात सुरू झाले. मैत्रेयी आनंदाने उठून बसली. तिने आजोबांची शेंडी धरली. त्या दिवशी सहा ओळी झाल्या, त्यातल्या दोन शेंडी सोडवताना.

"अण्णा," मी शेवटी म्हटलं, "जिथे होता तिथेच बसा ना. खाली."

"इथून जास्त नीट ऐकू येतं तिला."

"तेच तर."

ते जरा हिरमुसले, पण पाट उचलून खाली गेले. थोड्या वेळाने खालून झोका वर आला. मैत्रेयी झोपली. मी अंगठा दोरीत अडकवला. होळीच्या आधी प्रकरण पुरं झालं.

सेमिनारच्या सकाळी मी साडी नेसून खाली आले तर सगळं घर तयार. सुमंतने बँकेतून सुट्टी घेतली होती. मुलं धुतलेले पंचे घेऊन रांगेत उभी. अण्णांनी ठेवणीतली शाल पांघरली होती.

"आम्ही सगळे येतो," अण्णा म्हणाले. "तू बोलायला उभी राहण्यापूर्वी मुलं आशीर्वादाचे मंत्र म्हणतील. निवेदिता मॅडमची हरकत असणार नाही. दोन रिक्षा सांगितल्या आहेत."

मला विभागाचा तो लांबट हॉल दिसला. बाहेरून आलेले परीक्षक. पहिल्या रांगेत शाल पांघरलेले अण्णा, माझ्या प्रत्येक आकड्याला मान डोलावणारे. आणि मैत्रेयी, जिला त्यांचा आवाज आला नाही तर रडायचं, आणि आला तर बाबांच्या मांडीवरून उतरून माझ्याकडे धावत यायचं. ती नुकतीच चालायला लागली होती.

"अण्णा, तुम्ही इथूनच आशीर्वाद द्या."

"इथून? तिथवर कसा पोचेल?"

"लांबूनच नीट पोचतो," मी म्हटलं. "जवळून..." आणि पिशवी खांद्याला अडकवली.

अण्णा शालीचं टोक धरून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी तो भाव मुलं मोठी चूक करतात तेव्हा पाहिला आहे. फक्त या वेळी ते चूक कोणाची हे शोधत होते.

"त्या दिवशी जेवताना," ते सावकाश म्हणाले, "तू आम्हालाच बोलत होतीस."

मी पदर सारखा केला.

"पुलावरचा वारा म्हणजे मी."

"मला तेव्हाच कळलं होतं," आई देवघरातून म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पूर्ण जोर लावायला निघाला होतात. मध्ये कोण पडणार?"

सुमंत भिंतीकडे बघून हसत होता. अण्णांनी शाल काढली, घडी घातली, पुन्हा उलगडून पुन्हा घातली. मग मुलांकडे वळून म्हणाले, "बसा रे. पाट घ्या. सूनबाई जाताहेत." आणि मला म्हणाले, "जा. मागे बघू नकोस. मागे बघितलंस की मी येईन."

मी मागे पाहिलं नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत पाठ ऐकू येत होता, मग रिक्षाच्या आवाजात विरला. पण विद्यापीठाच्या फाटकापर्यंत मला पाठीवर काहीतरी जाणवत होतं. माझा भासही असेल, त्या साडीचं ब्लाउज पाठीत जरा घट्ट आहे.

सेमिनार चांगला झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच खोचक प्रश्न विचारला. "मॅडम, म्हणजे तबकडी जितकी तेजस्वी तितका झोत वेगवान, हे आपण मानून चालतो ते चूक?"

"चूक नाही, सर," मी म्हटलं. "पण किती उजेड आहे यापेक्षा तुम्ही त्याच्या किती जवळ आहात, त्याने जास्त फरक पडतो."

"हे तुम्हाला गणितात आधी दिसलं का?"

"नाही," मी म्हणाले, आणि निवेदिता मॅडमनी पुढचा प्रश्न घ्यायला सांगितलं. संध्याकाळी प्रबंध दाखल झाल्याची सही झाली.

परतताना माझी घाई चालली होती. रिक्षावाल्याला मी दोनदा "भैया, जरा जल्दी" म्हटलं. दिवसभर मैत्रेयी माझ्याशिवाय कधी राहिली नव्हती. रडून रडून घसा बसला असेल. अण्णांना आवरलं नसेल. आईंच्या कडेवर ती दाराशीच उभी असेल, मला बघून झेपावेल. छाती दुधाने दगड झाली होती. गल्लीतून मी जवळजवळ पळतच आले.

दारात कोणी नव्हतं. चौकात पाठ अजून चालूच होता. अण्णांनी मला पाहिलं, भुवईनेच विचारलं, मी मान डोलावली. त्यांचे डोळे भरले, पण ओळ मोडली नाही. मांडीवर थाप मारली, म्हणाले, "पुन्हा", आणि मुलं मागे गेली.

वर पाळण्यात मैत्रेयी झोपली होती. मूठ गालाशी, टोपरं एका कानावर. आई शेजारी बसून वाती वळत होत्या.

"रडली का खूप?" मी कुजबुजले.

"नाही."

"शोधलं असेल मला."

"एकदा तुझ्या टेबलाखाली बघून आली. मग खेळली. जेवली. आताच झोपली आहे. झालं ना तुझं?"

"झालं."

"मग पड जरा. दोन तास उठायची नाही ती."

दोन तास. कितीतरी दिवस मी ज्यांच्यासाठी जीव टाकत होते, ते दोन तास माझ्यासमोर मोकळे पडले होते आणि मला त्यांचं काहीही करायचं नव्हतं. मी पाळण्याशी उभी राहिले. ती किती शांत होती. माझ्यावाचून तिचं काहीही अडलं नव्हतं. खालून झोका येत होता, दोन पुढे, दोन मागे.

मी टोपरं सरळ केलं. उगाच. मग गालाला बोट लावलं. मग जरा वाकून, अगदी तिच्या कानाशी, म्हटलं, "मैतू, आई आली."

मैत्रेयीने डोळे उघडले.

"मुक्ता," आई म्हणाल्या. वात वळणारा त्यांचा हात थांबला नव्हता. "पुलावर वारा फार आहे हो आज."